तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान मंडळ चालवताना : सगळ्यांना येता येईल असे कार्यक्रम कसे आखायचे

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी फर्स्ट इयरचा वर्ग बघा. पुढच्या बाकावर तालुक्यातच राहणारा, सेमी-इंग्लिशमधून आलेला मुलगा असतो. मागे तीस किलोमीटरवरून अपडाऊन करणारी, झेडपीच्या शाळेत शिकलेली मुलगी. कोपऱ्यात आदिवासी वसतिगृहातली तिघं-चौघं, जी आपसात गोंडी किंवा कोलामी बोलतात आणि कुणी जवळ आलं की गप्प होतात. नीटमध्ये नंबर लागला नाही म्हणून मन मारून आलेले असतात, आणि घराण्यात बारावीच्या पुढे गेलेलं पहिलंच पोरगंही असतं. ही सगळी एकाच लॅबमध्ये उभी राहतात, तरी एकमेकांची होतीलच असं नाही. अडलं तर कुणाला विचारायचं हे ज्याला ठाऊक नसतं, ते पोरगं दुसऱ्या सेमिस्टरला हळूहळू यायचं बंद होतं, आणि पुष्कळदा त्याचं कारण अभ्यास नसतो.

नुकतेच रुजू झालेले, बहुधा तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, आणि विज्ञान मंडळाचं काम अंगावर घेतलेली सेकंड-थर्ड इयरची मुलंमुली, अशा दोघांसाठी हे लिहीत आहे. माझं सांगणं एकच आहे. कार्यक्रम आखताना तो किती मोठा होईल हा विचार नंतर करा. आपण ठरवलेल्या वेळेमुळे, पैशामुळे, भाषेमुळे किंवा पंगतीमुळे कोण आपोआप बाहेर राहतं, ते आधी शोधा.

आधी गाड्यांच्या वेळा लिहून काढा

पहिल्या आठवड्यात कुठलाही कार्यक्रम जाहीर करू नका. एक वही घ्या. प्रत्येक वर्गातल्या मुलांची गावं लिहा आणि गावापुढे शेवटच्या गाडीची वेळ. काही गावांना मुक्कामी गाडी असते, म्हणून तिथली मुलं उशिरापर्यंत थांबू शकतील असं वाटतं. पण ती गाडी रात्री आठला पोचत असेल आणि फाट्यावर उतरून पुढे दोन किलोमीटर पायी जायचं असेल, तर मुलीसाठी ती गाडी नसल्यासारखीच आहे. म्हणून मुलींची शेवटची सोयीची गाडी वेगळ्या रकान्यात लिहा, आणि ही वेळ कंडक्टरला न विचारता त्या मुलींनाच विचारा.

ही यादी झाली की बऱ्याच कॉलेजांत एकच गोष्ट दिसते: साडेतीन-चारनंतर ठेवलेला कार्यक्रम हा फक्त तालुक्यात राहणाऱ्यांचा कार्यक्रम असतो. प्रॅक्टिकल संपल्यावरचा वेळ आपल्याला मोकळा वाटतो, मुलांना तो नसतो. दुपारी बारा ते दोनमध्ये बसेल असंच काहीतरी आखा. त्यासाठी एखादा तास मागून घ्यावा लागेल. प्राचार्यांकडे महिन्यातून एक दुपार मागा आणि ती वर्षभरासाठी लेखी घ्या.

पासची बाबही समजून घ्या. अकरावी-बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. पण विद्यार्थ्यांचा पास घर ते कॉलेज एवढ्याच रस्त्याचा असतो. कार्यक्रम दुसऱ्या गावी ठेवला की तिकिटाचे पैसे नव्याने लागतात आणि पोट्टे ते बोलून दाखवत नाहीत. ‘नाही जमत जी’ एवढंच म्हणतात.

वहीच्या दुसऱ्या पानावर वर्षाचं पंचांग मांडा, शेतीचं आणि सणांचं. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. त्या दिवसांत अर्धा वर्ग शेतात असतो, कुणी स्वतःच्या तर कुणी मजुरीवर. पोळा आणि तान्हा पोळा हे दोन दिवस सोडा. महालक्ष्म्या बसतात तेव्हा मुली घरातून निघू शकत नाहीत. दसऱ्याच्या आणि १४ ऑक्टोबरच्या आसपास बरीच मुलं दीक्षाभूमीला नागपुरात असतात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला. राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो, आणि २०२६ व २०२७ या दोन्ही वर्षी ती तारीख रमजानमध्ये येते. त्या दिवशी दुपारी नाश्ता वाटला तर मुस्लिम मुलं पंगतीबाहेर उभी राहतील. खाण्याचा भाग दुसऱ्या दिवसासाठी ठेवा किंवा त्या वर्षी ठेवूच नका. तालुक्याच्या आठवडी बाजाराचा दिवसही टाळा: गाड्या भरून जातात आणि घरच्यांनी सामान आणायला सांगितलेलं असतं.

टीम

सहा-सात जण पुरे. त्यात एक अपडाऊन करणारी मुलगी, एक वसतिगृहातलं, एक फर्स्ट इयरचं आणि एक मराठी माध्यमातून आलेलं असलंच पाहिजे. हात वर करायला सांगून निवडू नका, हात वर करणारे दर वर्षी तेच असतात. एकेकाला बाजूला बोलावून विचारा. ‘तू चांगलं बोलतोस म्हणून’ असं न म्हणता नेमकं काम सांगून विचारा: ‘पाण्याच्या बाटल्यांवर नंबर टाकायचे आहेत, करशील?’

कामं चिठ्ठ्या टाकून वाटा. चिठ्ठी नसली की रांगोळी, स्वागत आणि चहा मुलींकडे जातो, माईक आणि प्रोजेक्टर मुलांकडे, आणि सतरंज्या उचलायला वसतिगृहातली मुलं लागतात. हे कुणी ठरवून करत नाही, तरी दर वेळी तसंच होतं.

निरोप पोचवण्याचं एक सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप करून मोकळे होऊ नका. बऱ्याच मुलींकडे स्वतःचा मोबाईल नसतो, भावाचा किंवा वडिलांचा नंबर दिलेला असतो, आणि सत्तर जणांच्या ग्रुपमध्ये आपला नंबर उघडा पडू नये ही त्यांची काळजी रास्त आहे. नोटीस बोर्डावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, वर्गात वाचून दाखवा आणि मुलींच्या कॉमन रूममध्ये एक प्रत लावा. ग्रुप करायचाच असेल तर नंबर सदस्यांना दिसणार नाहीत असा कम्युनिटीचा पर्याय वापरा.

पहिला कार्यक्रम : आपल्या गावचं पाणी

पहिल्या कार्यक्रमाला स्टेज नको, पाहुणे नकोत, दीपप्रज्वलनही नको. कुणाच्या फोटोला हार घालायचा यावरून आपल्याकडे मनं दुखावतात. सुरुवात प्रयोगानेच करा. मॅग्नेशियमची फीत पेटवली की सगळ्या वर्गाचे डोळे तिकडे जातात (फक्त त्या ज्योतीकडे टक लावून बघू नका, हे आधी सांगा).

मग पाणी. प्रत्येकाला सांगायचं की घरी जे पितो त्या पाण्याची एक बाटली आणायची. यात कुणाला खर्च नाही, आणि कुणाकडे नाही असंही होत नाही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) काहीशे रुपयांत मिळतं. पीएच पेपर लॅबमध्ये असतोच, आणि कठीणपणा काढायला ईडीटीएचं टायट्रेशन मुलं नाहीतरी शिकतातच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. अकोला, अमरावती, बुलडाणा भागात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याचा आकडा बघून यवतमाळच्या डोंगराळ भागातलं पोरगं चकित होतं आणि आपसूक विचारतं, ‘तुमच्याकडे वरण शिजते कसं?’ तिथून गप्पा सुरू होतात. टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं, असा समज मात्र होऊ देऊ नका. मीटरला जंतू कळत नाहीत आणि फ्लोराईड वेगळं दाखवता येत नाही. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत खरा त्रास फ्लोराईडचाच आहे.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बाटलीवर नाव, आडनाव, वस्ती काहीही लिहू देऊ नका. फक्त नंबर टाका आणि नंबर कुणाचा हे ज्याचं त्यालाच माहीत असू द्या. आपल्याकडे विहिरीचं किंवा वस्तीचं नाव सांगितलं की जात कळते. पाण्याला हात लावायच्या हक्कासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला होता, तेव्हा पाणी समोर आणणारा कार्यक्रम किती नाजूक आहे याचं भान ठेवा. आकडे फळ्यावर लिहायचे ते नंबरानेच. गाव सांगायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

ओळखीच्या वेळीही हाच नियम. नाव सांगा, आडनाव नको. टक्के नकोत, नीटचा स्कोअर नको, सीईटीत किती पडले हे नको. ‘घरातली कुठली वस्तू तुला स्वतः दुरुस्त करता येते?’ असं विचारा. मोटरपंपाचा स्टार्टर, फवारणीचा पंप, शिलाई मशीन अशी उत्तरं येतात, आणि वर्गात आजवर तोंड न उघडलेलं पोरगं सांगायला लागतं. सिनियर्सनी ‘इंट्रो’ घ्यायची प्रथा मात्र बंद करा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि देशभराची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ आहे. हा नंबर पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा.

एकत्र जेवण

लोक जोडायला जेवणासारखं काही नाही, आणि तोडायलाही नाही. डबा पार्टी ठेवलीत तर काय होतं बघा. कुणाच्या डब्यात तुपाची पोळी, कुणाच्या डब्यात भाकर आणि ठेचा, वसतिगृहातल्याकडे डबाच नाही. मग आपापल्या गटात तोंडं वळवून जेवण होतं. शंभर रुपये वर्गणी काढली तर पैसे नसलेले त्या दिवशी येतच नाहीत, आणि मागाहून ‘काहून आला नाहीस?’ म्हटलं की ‘गावी काम होतं’ असं सांगतात.

यावर आपल्याच भागात तोडगा आहे: रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे. प्रत्येकाने वाटीभर जाडं कणीक आणायचं, कुणी मूठभर तुरीची डाळ, कुणी दोन वांगी, कुणी चार गोवऱ्या. ज्याला काहीच आणता येत नाही त्याने आहार (गोवऱ्यांचा विस्तव) पेटवायचा, हे काम सगळ्यात मानाचं आहे. आणलेलं सगळं दारातच एका परातीत, एका गंजात ओतून घ्यायचं. एकदा पीठ एकत्र मळलं की कुणाचं कुठलं हे सांगता येत नाही. मळायला, वळायला, भाजायला, वाढायला चिठ्ठ्या टाकायच्या. तूप मात्र मंडळाच्या पैशातून आणा, नाहीतर ज्याने आणलं त्याचं नाव होतं. कांदा-लसूण नसलेलं वरण आधी वेगळं काढून ठेवा. कोण खाणार हे विचारायची गरज नाही, पातेलं वेगळं दिसलं की घेणारे घेतात.

जात न मानण्यावर त्या दिवशी भाषण करू नका. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन गावं झाडली, मग संध्याकाळी कीर्तन केलं. आधी काम, मग बोलणं. मुलं एका आहाराभोवती दोन तास राख झटकत बसली की पुरेसं झालं. विज्ञान हवंच असेल तर कच्च्या आणि भाजलेल्या रोडग्याचं वजन करून किती पाणी गेलं ते काढायला सांगा, आणि बाहेरचा पापुद्रा तांबूस का होतो हे केमिस्ट्रीच्या सरांना तिथेच विचारा.

संक्रांतीला बऱ्याच कॉलेजांत मुलींचं हळदीकुंकू होतं. विज्ञान मंडळाने ते करू नये. ज्या मॅडमचे पती नाहीत, ज्या मुली हिंदू नाहीत, त्या कोपऱ्यात उभ्या राहतात. तिळगूळ सगळ्यांना द्या, मुलांनाही, शिपाईदादांना आणि लॅब अटेंडंटलाही.

आकाश गावात न्या

आकाशदर्शन म्हटलं की कॉलेजची गच्ची आणि रात्रीचे आठ, असं ठरतं आणि निम्म्या मुली तिथेच गळतात. उलटं करा. टेलिस्कोप किंवा साधी दुर्बीण घेऊन दोन-तीन गाव मिळून एखाद्या गावात जा. आळीपाळीने गाव निवडा, आणि शक्यतो ज्या गावातून मुली येतात ते. गावातल्या शाळेचं मैदान पुरतं. सरपंचांना आणि मुलींच्या आईवडिलांना बोलावणं पाठवा. सोबत एक मॅडम असल्याच पाहिजेत. आपलं पोरगं काय शिकतं हे बापाला शनीची कडी बघून जेवढं कळतं, तेवढं गुणपत्रिकेवरून कळत नाही (शनी त्या दिवसांत संध्याकाळी दिसतो का, हे आधी तपासून घ्या).

जानेवारी उत्तम. पावणेसातला अंधार पडलेला असतो, हवा कोरडी असते आणि पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं. मृगाच्या पोटातले तीन तारे म्हणजे तिकांडं, ते म्हाताऱ्यांना आपल्यापेक्षा चांगलं ओळखता येतं. रोहिणी, कृत्तिका, व्याध, साडेसातपर्यंत सगळं बघून होतं.

इथे गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलांना बोलतं करायची मोठी संधी आहे. सप्तर्षीच्या चार ताऱ्यांच्या चौकोनाला गोंड लोक बाज समजतात, आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती चोरायला निघालेले चोर. तेव्हा मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत असलेले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत जाऊन असं बरंच आकाशज्ञान नोंदवून प्रसिद्ध केलं आहे. सप्तर्षी संध्याकाळी बघायचे तर मार्च-एप्रिल उजाडावा लागतो, पण गोष्ट जानेवारीतही सांगता येते. आपल्या मुलाने घरी आजोबांना विचारून यावं, असं सांगा.

गॅदरिंगमध्ये आदिवासी मुलांना दर वर्षी नाचच बसवायला सांगतात. विज्ञान मंडळात तरी त्यांना जाणकार म्हणून बोलवा. मोह, तेंदू, चारोळी यांची पानं-फुलं मांडून प्रत्येकाखाली शास्त्रीय नाव, मराठी नाव आणि गोंडी किंवा कोरकू नाव लिहायचं. बॉटनीच्या वर्गात जो मागे पडतो, तो इथे सगळ्यात पुढे असतो. माडियाही महाराष्ट्रातलीच भाषा आहे हे गडचिरोलीबाहेरच्या मुलांना तेव्हा कळतं.

ज्यांना कुठेच येता येत नाही त्यांच्यासाठी मे महिन्यातला शून्य सावलीचा दिवस ठेवा. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तळाखाली जाते. हा दिवस प्रत्येक गावाच्या अक्षांशाप्रमाणे बदलतो: सिरोंच्याला मेच्या मध्यावर, चंद्रपूर-लोणारला वीस तारखेच्या आसपास, नागपूरला २६ मेच्या सुमारास, धारणीला महिन्याच्या अखेरीला. वेळ साधारण १२ वाजून ५ ते २५ मिनिटं, पूर्वेकडे लवकर, पश्चिमेकडे उशिरा. सुटीत घरी बसलेल्या मुलाने अंगणात पाइपाचा तुकडा उभा करायचा आणि फोटो पाठवायचा. कुणाच्या गावची सावली कोणत्या दिवशी गेली हे तारखेनुसार मांडलं की वर्गातल्या सगळ्या गावांचा अक्षांश हाती येतो. त्यात प्रत्येक गाव लागतं.

सहल

सहल वर्षातून एक पुरे. लोणार सगळ्यांना हवं असतं आणि ते बरोबरच आहे: बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, खारं पाणी, २०२० मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गुलाबी झालेलं पाणी. अभयारण्य असल्यामुळे वन विभागाला आधी विचारा. पण लोणारचा खर्च झेपत नसेल तर जवळची जिनिंग, माती परीक्षण प्रयोगशाळा किंवा कृषी विज्ञान केंद्र बघा. फी ठरवायच्या आधी मंडळाच्या पैशातून काही जागा भरून टाका, आणि त्या कुणाला दिल्या हे एकाच प्राध्यापकाला माहीत असू द्या.

भाषा

प्रश्न कुठल्याही भाषेत विचारता आला पाहिजे, हा नियम वक्त्याला आधी सांगून ठेवा. अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकं हातात पडलेलं मूल चुकीचं इंग्रजी बोलायच्या भीतीने प्रश्नच विचारत नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतले तर दुपटीने येतात. वऱ्हाडीत विचारलेल्या प्रश्नावर कुणी हसलं तर तिथेच थांबवा.

फॉर्म भरायची दुपार

ही सामाजिक कार्यक्रमात धरत नाहीत, मी धरतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे फॉर्म सुटले की एक दुपार लायब्ररीत बसायचं. सिनियर्स ज्युनियर्सना मदत करतात. एरवी ‘बीसी स्कॉलरशिपवाले थांबा’ अशी वर्गात घोषणा होते आणि मुलं मान खाली घालतात. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्मही त्याच पोर्टलवर असतो, तेव्हा सगळ्यांना एकत्रच बोलवा. कोण कुठला फॉर्म भरतं हे स्क्रीनवर ज्याचं त्यालाच दिसावं, म्हणून खुर्च्या लांब ठेवा.

कुणी बोचरं बोललं तर

‘कोट्यावाले’, ‘जंगलातले’ असले शब्द कधी ना कधी निघतात. त्या क्षणी गप्प राहू नका. आवाज न चढवता ‘हे इथे चालणार नाही’ एवढं सगळ्यांदेखत बोला आणि कार्यक्रम पुढे न्या. ज्याला लागलं त्याच्याशी त्याच दिवशी, एकट्याने बोला. तक्रार करायची की नाही हे त्याला ठरवू द्या, पण कुठे करायची ते नीट सांगा. मुलींच्या छळाची गोष्ट असेल तर ती मंडळात मिटवायची नसते, अंतर्गत तक्रार समितीकडेच जायची असते.

कोण आलं नाही

कार्यक्रमानंतर हजेरीऐवजी न आलेल्यांची यादी करा. एकच गाव, एकच वसतिगृह किंवा एकाच माध्यमातली मुलं त्यात पुन्हा पुन्हा दिसली, तर आखणीत काही चुकलं आहे. त्यांच्यापैकी एखाद्याला भेटून विचारा, वर्गात उभं करून नव्हे. चाकाची खुर्ची किंवा कुबड्या वापरणारं कुणी असेल तर वरच्या मजल्यावरचा हॉल विसरा. टायट्रेशनचा रंगबदल दिसत नाही असा मुलगा असेल तर त्याला पीएच मीटरवर बसवा.

हिशेब दर महिन्याला बोर्डावर लावा, वीस रुपयांच्या गुळापासून. नवी टीम फेब्रुवारीतच निवडा, कारण परीक्षा सुरू झाल्या की मुलं भेटत नाहीत आणि निकालानंतर थर्ड इयर पांगलेलं असतं. जुन्या टीममधल्या दोघांनी जुलैतल्या पहिल्या कार्यक्रमाला नव्यांसोबत उभं राहायचं, हे तेव्हाच ठरवून घ्या.